परदेशचा महाल आणि परळीचें साल

परदेशांतील राजवाडे पाहून येणाऱ्या प्रवाशांवर आमच्याकडे एक स्वस्त टीका नेहमीं होते: ‘घरचें सोडून तें कशाला पाहिलें?’ या टीकेंत आम्ही सामील नाहीं. ज्याला ऐपत आहे त्यानें अवश्य जावें. आमची तक्रार निराळी आहे. परदेशीं जी चिकित्सक दृष्टि प्रवासी वापरतो, ती तो गांवच्या वेशीवर उतरवून घरीं येतो.

परळी वैजनाथच्या एखाद्या सुशिक्षित कुटुंबानें पॅरिसनजीकचा व्हर्सायचा राजवाडा पाहिला, असें समजा. चौदाव्या लुईनें १६८२ सालीं आपला दरबार तेथें नेला. तेथील आरसेमहाल ७३ मीटर लांब असून त्यांत ३५७ आरसे आहेत. १८७१ मध्यें त्याच महालांत जर्मन साम्राज्याची घोषणा झाली आणि २८ जून १९१९ रोजीं त्याच महालांत जर्मनीच्या प्रतिनिधींना तहावर सही करावी लागली, हें सारें त्या घरांतील शाळकरी मूलहि बिनचूक सांगतें. उत्तम! आतां त्याच मुलानें वैजनाथाच्या पायऱ्या चढतांना विचारावें, ‘हें देऊळ कोणीं बांधलें?’ उत्तर ठरलेलें असतें: ‘अहिल्याबाई होळकरांनीं १७०६ सालीं जीर्णोद्धार केला.’ पर्यटकांसाठीं लिहिलेल्या मजकुरांतहि हेंच साल आढळतें.

परंतु अहिल्याबाईंचा जन्मच १७२५ सालचा! जन्मापूर्वीं १९ वर्षें त्यांनीं देऊळ कसें उभारलें, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येऊं नये, याचें नवल वाटतें. त्यांचा कारभार १७६७ पासून १७९५ पर्यंतचा. १७०६ हा आंकडा शकाचा मानला, तर इसवी सनाचें १७८४ हें वर्ष येतें व तें त्या कारभारांत सहज बसतें. म्हणून हा आंकडा जो लिहील त्यानें तो शकाचा कीं इसवी सनाचा, आणि कोणत्या आधारानें लिहिला, हें सांगितलेंच पाहिजे.

यावर कोणी म्हणतील, ‘भक्तीला सालाशीं काय कर्तव्य?’ देवाला साल नसेल, दात्रीला आहे. व्हर्साय एका राजानें स्वतःच्या वैभवासाठीं उभारलें. अहिल्याबाई महेश्वरास साध्या वाड्यांत राहिल्या आणि काशीपासून परळीपर्यंत, आपल्या राज्याच्या सीमेबाहेरहि, त्यांनीं देवळें व घाट बांधविले. लुईचें वर्ष आम्ही पाठ करावें आणि या बाईंच्या दानाला अशक्य वर्ष चिकटवावें, ही कृतज्ञता नव्हे. हा निव्वळ आळस आहे, आणि त्याला श्रद्धेचें पांघरूण घालणें हा दुसरा अपराध आहे.

सुशिक्षितांनीं पुढच्या सुटींत कोठेंहि खुशाल जावें. मात्र परत आल्यावर मुलाला एकदां देवळाशीं उभें करून खरा हिशेब सांगावा. त्यासाठीं विमानाचें तिकीट लागत नाहीं. शकांत ७८ मिळविणें येत असलें म्हणजे पुरे.