वाचल्याची शिक्षा

‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारखी अमेरिकन भयकॉमिक्स एकेकाळी १० सेंटला मिळत. १९५४ साली सिनेटच्या उपसमितीने सुनावणी घेतली. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच कॉमिक्स कोड लादून घेतला आणि ती बंद पडली. आज त्याच जुन्या अंकांना १० पैकी ग्रेड देऊन प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करतात. पेटी उघडली की ग्रेड रद्द! कोपरा दुमडलेला असला की ग्रेड घसरते. अहो, कोपरा दुमडतो तो वाचणाऱ्याच्याच हातून ना? मग ही वाचल्याची शिक्षा नाही तर काय? संग्राहक याला जतन म्हणतात. मी बंदी म्हणतो. तेव्हा पुस्तक भीतीने मिटलं, आता भावाने. माझ्या लेखी हातोहात फिरून जीर्ण झालेला अंकच खरा मोलाचा.