विडी वळणारी ‘कामगार’ कधी ठरली?

१/ सोलापूरचा कामगार-इतिहास सांगताना जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे येतात. भोंगा येतो, संप येतात. पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी तेलुगुभाषक स्त्री मात्र ‘घरखर्चाला हातभार’ या दोन शब्दांत उरकली जाते. ही निव्वळ विस्मृती नव्हे. तिला कामगार न म्हणण्यात कोणाचा तरी पैसा वाचत होता.

२/ पाने कारखानदाराची, तंबाखू कारखानदाराचा, मजुरी दर हजार विड्यांमागे. ती पाने भिजवी, कापी, वळी, दोऱ्याने बांधी आणि माल पोचवून येई. तेथे ‘छाट’ निघे: पसंत न पडलेल्या विड्या बाजूला, त्यांची मजुरी बुडीत. जागा तिची, दिवा तिचा, मदतीला पोरीही तिच्याच. तरी दावा असा की, ही स्वतंत्र कारागीर. आम्ही हिचे मालक नव्हेच!

३/ न्यायालयांतही एकवाक्यता नव्हती. नागपूरच्या बिर्धीचंद शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यात बसून विड्या वळणाऱ्यांना कामगार मानले. येण्याजाण्याची वेळ त्यांच्या मर्जीची असली, तरी खराब माल नाकारण्याचा मालकाचा अधिकार हेही नियंत्रणच, असा त्यामागील विचार होता. थोड्याच महिन्यांनी, १९६१ मध्ये, शंकर बालाजी वाजे खटल्यात भरपगारी रजेचा प्रश्न आला आणि त्याच न्यायालयाने बहुमताने उलट कौल दिला. न्या. सुब्बा राव यांचे मत भिन्न होते. कारखान्याच्या छपराखाली बसणाऱ्याची ही गत; मग घरी बसणारीची काय कथा?

४/ ही पळवाट बुजवली १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने. कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणारी व्यक्तीही ‘कर्मचारी’, असे त्याने व्याख्येतच लिहिले. याला सरकारी औदार्य म्हणणाऱ्यांनी पुढचे वाचावे. कारखानदार या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९७४ मध्ये हरले. केरळात तर कायदा लागू होताच मंगळूरच्या गणेश विडीने काम बंद केले. बेकार झालेल्यांतून १९६९ मध्ये दिनेश विडी ही सहकारी संस्था उभी राहिली.

५/ कुंभारीची गोदुताई परुळेकर वसाहत हे आणखी एक उदाहरण. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील दीर्घ लढ्यातून विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरे झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे हस्तांतरण झाले. तिलाही ‘खिरापत’ म्हणणारे आहेत. विडी कामगार कल्याण निधी मात्र त्यांच्याच हातून वळल्या गेलेल्या विड्यांवरील उपकरातून भरत होता. वस्तू व सेवा कर आला आणि २०१७ मध्ये तो उपकरही गेला. त्यावर कोणी फारसा गहिवरला नाही.

६/ आज घरपोच जेवण आणणाऱ्या तरुणाला कंपनी ‘भागीदार’ म्हणते. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, वेळ त्याच्या मर्जीची; दर कंपनी ठरवते आणि तारे कमी मिळाले की काम आटते. छाटीचेच हे नवे रूप. १९६६ च्या कायद्याने घरखेप कामगाराला मालक-कर्मचारी नात्याच्या आत आणले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगारा’ची व्याख्याच त्या पारंपरिक नात्याच्या बाहेर काम करणारा अशी केली आहे.