जोडपदवीचा जमाखर्च

शेजारच्या वहिनी परवा मुलीच्या प्रवेशाचे माहितीपत्रक घेऊन आल्या. व्यवस्थापन आणि डिजिटल तंत्रज्ञान यांची जोडपदवी! शुल्काचा आकडा पाहून माझा चष्मा नाकावरून घसरला. 'भाऊ, नोकरी लागेल ना?' एवढाच त्यांचा प्रश्न.

रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि पुढे आमच्या शाखेत लेजर-पोस्टिंगची यंत्रे अवतरली, तेव्हा आम्ही विचारत होतो : नोकरी राहील ना? ती राहिली, पण ज्याचा हात लेजरवर सर्वांत वेगाने चाले, त्याचा मान गेला. गिऱ्हाइकाला हिशेब समजावून सांगणारा आणि यंत्रात शिरलेली चूकही पकडणारा, त्याच्यापुढे रांग लागू लागली.

म्हणून ही जोडणी मला पटते. यूपीआय २०१६ साली आले. आज भाजीवालीही क्यूआर कोड टांगते. पैसे अडकले की मात्र तिला माणूसच लागतो. बँका, विमा, मालवाहतूक, ऑनलाइन विक्री, सगळीकडे असे काम आहे. पहिली नोकरी बहुधा विक्रीची किंवा तक्ते भरण्याची, हे माहितीपत्रक सांगत नाही.

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, राज्यात सीईटीही सुरू झाली. पण मान्यता ही नोकरीची हमी नव्हे. वहिनींना म्हटले, तिथून बाहेर पडलेल्या चार मुलांना गाठा. संख्याशास्त्र कोण शिकवते, विचारा. उत्तरे टाळली, तर बी.कॉम. करून संगणक वेगळा शिकणे स्वस्त पडेल.

वहिनी निघाल्या. मुलगी दारात रेंगाळली. 'काका, मला आकडेमोड मुळीच आवडत नाही,' ती हळूच म्हणाली.

आईला हे अजून ठाऊक नव्हते.