जुन्या कामाला पैसे कोण देणार?

गेल्या महिन्यात अनुदानाचा एक अर्ज भरताना मी लबाडी केली. पाच वर्षं चाललेल्या कामाला नवं नाव दिलं. का, ते सांगते.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उतरून अर्धा तास चाललं की एक पाडा लागतो. ठाकूर आणि कातकरी मिळून चाळीसेक घरं. एका देणगीदार संस्थेच्या छोट्या अनुदानातून आम्ही तिथल्या एका बाईला आरोग्याचं शिक्षण दिलं. ती चौथी शिकलेली. वजनकाटा, थर्मामीटर, लोहाच्या गोळ्या, महिन्याचं थोडं मानधन. सुरुवातीला बाया तिच्याकडे फक्त तापाची गोळी मागायच्या. अंगावर पांढरं जातं, अंग बाहेर येतं, हे तोंडातून निघायला वर्ष उलटलं. बाया बोलायला लागल्या आणि दीड वर्षाचं अनुदान संपलं. पुन्हा अर्ज केला तर प्रश्न आला, ‘यात नवीन काय?’

मानधन थांबलं. रात्री दार वाजवणं थांबलं नाही. ती अजूनही उठून जाते, फुकट. बाईच्या कष्टाला मोल नसतं असं आपण भाषणात म्हणतो. इथे ते आमच्याच कामात घडलं, आणि हिशेब मीच लिहिला होता.

पैसा कधी येतो हेही बघा. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. आमचा पहिला हप्ता आला डिसेंबरात. पाडा निम्मा रिकामा, आणि मार्चअखेर बिलं हवीत. मग आम्ही पोस्टरं छापली. वाचणार कोण, हे विचारू नका.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. १९९५ पासून तिथल्या ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या बायका घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. ते काम देशभरातल्या आशांकडे आलं २०११ साली. मधली सोळा वर्षं बाळाचं वजन घेणं, श्वास मोजणं, त्याला ऊब देणं हेच चाललं होतं. दुसऱ्याच वर्षी ‘नवीन काय’ म्हणून हात आखडता घेतला असता तर?

सरकारवर टीका करायची आपल्याला सवय आहे, पण या एका बाबतीत सरकारी कागद बरा. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानात गावाच्या आरोग्य समितीला वर्षाला १० हजारांचा अबंधित निधी ठरला. २०१३ साली शहरी अभियान आलं, त्यात वस्तीतल्या महिला आरोग्य समितीला वर्षाला ५ हजार. उल्हासनगर-अंबरनाथच्या झोपडपट्टीत ५ हजारांत काय होतं, असं कोणी म्हणेल. पण कशावर खर्चायचे ते समितीने ठरवायचं, आणि नावीन्याचा रकाना नाही. खोट आहे ती वेगळीच. ग्रामीण निधी महसुली गावाच्या नावाने येतो. पाडा लांब. बैठकीचा निरोप तिथे पोचेपर्यंत बैठक उरकलेली असते. दहा हजारांतला पाड्याचा वाटा पाड्यातल्या बायांच्या हाती द्यायला हवा.

आता माझा अर्ज. पाड्यातल्या त्या बाईला मी तो वाचून दाखवला. ती म्हणाली, “ताई, मी करते ते कुठं लिहिलंस?”

आपल्यापैकी काही जणी आज अनुदान देणाऱ्या समित्यांवर बसतात. त्यांना माझं सांगणं आहे: पैसे थोडे द्या, पण निदान पाच वर्षं द्या. जूनमध्ये द्या, पाडा भरलेला असताना. कार्यकर्तीचं मानधन ‘इतर खर्च’ या सदरात घालू नका. आणि तो नावीन्याचा रकाना पुढच्या बैठकीत खोडून टाका.