ध्वनिसाम्याचा मोह आणि एक इंग्रजी आडनाव

‘व्हॅनिटी फेअर’चे कर्ते विल्यम मेकपीस थॅकरे यांचे आडनाव आणि मराठीतील ठाकरे हे आडनाव रोमन लिपीत आज एकाच अक्षरांनी लिहिले जाते. तेव्हा या दोहोंचे मूळही एकच असावे असे एखाद्या सुशिक्षित वाचकाला वाटले, तर त्यात नवल नाही. वास्तविक या दोन नावांचा काडीमात्र मूळसंबंध नाही. परंतु ‘संबंध नाही’ एवढे सांगून हा विषय सोडून देणे मला उचित वाटत नाही. आडनावाचा अर्थ कानाने ठरवावयाचा की कागदाने आणि भूमीने, हा प्रश्न आपल्या भाषाविभागांनी फार काळ टाळलेला आहे, आणि त्याच्या चर्चेला या आडनावाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल.

थॅकरे हे स्थलवाचक आडनाव आहे. इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशरमध्ये, हॅरोगेट शहराच्या पश्चिमेस वॉशबर्न नावाची एक लहानशी नदी वाहते. तिच्या खोऱ्यात, ग्रेट टिंबल गावाच्या हद्दीत ‘थॅकरे’ नावाची जागा होती. नवव्या-दहाव्या शतकांत या प्रदेशात स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी वस्ती केली, आणि त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतील दोन शब्दांचा हा समास आहे. ‘थाक’ म्हणजे छपराचे शाकार किंवा त्यासाठी लागणारे बोरू. ‘व्रा’ म्हणजे कोपरा, आडबाजूची जागा. शाकारणीचे बोरू जेथे मिळतात तो कोपरा, असा या नावाचा सरळ अर्थ. त्यात कोणताही मानसन्मान नाही, हुद्दा नाही, पराक्रम नाही. ती मूळ जागा आज पाहावयास मिळत नाही. लीड्स शहराला पाणी पुरविण्यासाठी १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या फ्यूस्टनच्या जलाशयाने ती गिळली. जागा पाण्याखाली गेली आणि तिचे नाव मात्र माणसांच्या अंगावर राहिले.

नावातील ‘क’देखील बोलका आहे. शाकारासाठी दक्षिण इंग्लंडात ‘थॅच’ आणि उत्तरेत ‘थॅक’, असा भेद बोलीत दीर्घकाळ टिकून होता. म्हणून शाकारणी करणारा दक्षिणेत थॅचर झाला, उत्तरेकडे आणि पूर्वेकडे थॅकर झाला, तर नॉरफकमध्ये त्याचा थॅक्स्टर झाला. ‘च’ आणि ‘क’ यांच्या सीमेवरून कुटुंबाच्या मूळ प्रांताचा अदमास बांधता येतो. मात्र हाच थॅकर हिंदुस्थानात आला की निराळी अडचण उभी राहते. डॉ. आंबेडकरांचा ‘हू वेअर द शूद्राज?’ हा ग्रंथ १९४६ साली मुंबईच्या ज्या थॅकर कंपनीने प्रसिद्ध केला, तिच्या नावातील थॅकर इंग्रज. पण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले माणेकलाल शंकलचंद थॅकर हे गुजराती. गुजरातेतील ठक्कर हे आडनावही रोमन लिपीत पुष्कळदा याच अक्षरांनी लिहितात. केवळ लेखन समोर ठेवले तर यांतील छप्पर शाकारणारा कोण आणि ठक्कर कोण हे सांगण्यास काहीच साधन नाही.

ठक्कर, ठाकूर, ठाकरे ही नावे सामान्यतः ‘ठक्कुर’ या मध्ययुगीन पदवीशी जोडली जातात. म्हणजे ती प्रतिष्ठेची नावे. इंग्रजी थॅकरेशी त्यांचे साम्य आहे ते ध्वनीचे, आणि तेही रोमन लिपीच्या दारिद्र्यामुळे वाढलेले. ‘थ’ आणि ‘ठ’ यांना ती एकाच जोडाक्षराने लिहिते.

याउलट जेथे खरे नाते आहे तेथे कानाला काहीच ऐकू येत नाही. नॉर्स ‘थाक’, जर्मन ‘दाख’, लॅटिन ‘तेगेरे’, ग्रीक ‘स्तेगोस’ हे सर्व शब्द झाकणे या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपासून निघाले आहेत. जर्मानिक भाषांत मूळच्या ‘त’चा ‘थ’ आणि ‘ग’चा ‘क’ होतो, हा ग्रिमचा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. संस्कृतातील ‘स्थग्’ हा धातू तुलनात्मक कोशकार याच कुळात घालतात. स्थग् म्हणजे झाकणे. स्थगित म्हणजे झाकलेले, आणि पुढे अर्थ सरकत जाऊन अडविलेले, थांबविलेले. म्हणजे सभा स्थगित झाली असे आपण म्हणतो तेव्हा त्या यॉर्कशरी छपराचा एक दूरचा भाऊबंद आपल्या तोंडी असतो. मला तरी ही सोयरीक कोणत्याही ध्वनिसाम्याहून अधिक आनंद देणारी वाटते. ती ऐकून कोणाचा अभिमान सुखावणार नाही, आणि म्हणूनच बहुधा तिची वाच्यता होत नाही.

आता प्रसाराचा विचार. यॉर्कशरमध्ये हे आडनाव अधिक करून ‘थॅकरे’ याच उच्चाराचे, परंतु मधला एक स्वर गाळून लिहिलेले आढळते. ‘थॅकरा’ हेही त्याचेच रूप. विशिष्ट धंद्यांमुळे होणाऱ्या रोगांवर १८३१ साली ग्रंथ लिहिणारे लीड्सचे शल्यवैद्य चार्ल्स टर्नर थॅकरा हे त्या रूपाचे नामवंत धनी. लीड्स आणि निडरडेल या टापूत ही कुटुंबे शतकानुशतके दाट राहिली. कादंबरीकारांची शाखा निडरडेलमधील हॅम्प्सथ्वेट गावची. तिच्यातील टॉमस थॅकरे हे १७४६ पासून १७६० पर्यंत हॅरो शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचा मुलगा विल्यम मेकपीस (नातवाच्या मुलाचेही हेच नाव ठेवले गेले) ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला, सिल्हेटला अधिकारी झाला आणि हत्ती पकडून विकण्याच्या उद्योगात त्याने चांगला पैसा केला. त्याच्या मुलांनाही हिंदुस्थानचीच वाट सापडली. रिचमंड थॅकरे बंगालमध्ये होते. कादंबरीकारांचा जन्म १८११ मध्ये कलकत्त्यात झाला तो त्यामुळे, आणि चार वर्षांनी रिचमंड तेथेच वारले. दुसरे बंधू सेंट जॉन थॅकरे हे धारवाडचे कलेक्टर. कित्तूर संस्थानातील दत्तक नामंजूर करून ते सैन्यासह तेथे गेले, आणि २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्मांच्या लोकांशी झालेल्या लढाईत मारले गेले. बोरूच्या एका कोपऱ्याचे नाव असे कित्तूरच्या वेशीपर्यंत येऊन पोहोचले. हे नाव अमेरिकेत, ऑस्ट्रेलियातही गेले. पण तो प्रवास सर्वच इंग्रजी आडनावांचा आहे.

महाराष्ट्रात या लेखनाला जे दुसरे आयुष्य मिळाले त्याचे श्रेय प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे (१८८५–१९७३) यांना दिले जाते. इंग्रज कादंबरीकाराविषयीच्या आदरातून त्यांनी आपल्या आडनावाचे रोमन लेखन तसे केले, असे सांगतात. ही निवड त्यांची. तिच्यात व्युत्पत्तीचा काही दावा नाही, आणि तो कोणी मागाहून चिकटवू नये. बंगालात ठाकुरांचे ‘टागोर’ झाले तेव्हा इंग्रजाच्या जिभेने नाव वाकविले. येथे नावाच्या धन्याने स्वतः लिपी निवडली, हा फरकही ध्यानात घेण्याजोगा आहे. परंतु एक योगायोग पाहावा. प्रबोधनकारांच्या वडिलांना पनवेलकर म्हणत. पनवेलकर म्हणजे पनवेलचा. थॅकरे म्हणजे थॅकरे नावाच्या जागेचा. नावाच्या जातीच्या दृष्टीने इंग्रजी थॅकरेचा सख्खा भाऊ पनवेलकर हा आहे. ठाकरे हे नाव त्याला केवळ दिसावयास सारखे.

आपल्याकडील ‘कर’प्रत्ययान्त आडनावे म्हणजे स्थलनामांचे केवढे भांडार आहे! त्यांचा अभ्यास मात्र आपण जवळजवळ हौशी मंडळींवर सोपवून दिला आहे. इंग्लंडात स्थलनाम-संस्था १९२३ मध्ये स्थापन झाली. तिचे खंड प्रांतवार निघत गेल्यावर आडनावांच्या अभ्यासाला पाया मिळाला. १९७३ मध्ये जॉर्ज रेडमंड्स यांनी यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग विभागातील आडनावांवर ग्रंथ लिहिला. शब्दाची फोड करून थांबू नये, प्रत्येक कुटुंब कागदोपत्री मागे नेत त्याच्या गावापर्यंत पोहोचावे, असा त्यांचा आग्रह होता. ऑक्सफर्डने २०१६ मध्ये चार खंडांत काढलेला आडनावांचा कोश अशा अनेक दशकांच्या श्रमांवर उभा आहे. आपल्याकडे राजवाड्यांनी नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश रचला, त्याला आता किती काळ लोटला! राजवाड्यांपासून घ्यावयाची ती कागद धुंडाळण्याची चिकाटी. त्यांच्या काही व्युत्पत्तींतील धाडस नव्हे, असे स्पष्ट म्हणण्यास हरकत नसावी. खेदाची गोष्ट ही की, अनुकरण धाडसाचेच अधिक झाले. कोणतेही परदेशी नाव घ्यावे आणि त्यात संस्कृत ऐकावे, हा खेळ अजून चालू आहे.

एका जिल्ह्यातील ‘कर’प्रत्ययान्त आडनावे घ्यावीत, जमीनमहसुलाच्या नोंदी, इनामाची कागदपत्रे आणि तीर्थक्षेत्रांतील उपाध्यांच्या वह्या यांतून ती मागे न्यावीत, आणि गाव कोठे, कुटुंबे आज कोठे, याचा नकाशा करावा, हे काम एखाद्या संशोधक विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. माझ्या मते कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांपासून त्याचा प्रारंभ व्हावा. ती गावे नांदती असताना पाहिलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत, आणि कोणते घराणे कोणत्या वाडीचे हे कागदाआधी त्यांनाच विचारावे लागेल.