पाण्याखालचे हिरवे

यंदाचा अंक नद्यांवर आहे. त्याची सुरुवात पाण्याखालच्या वनस्पतींपासून करतो आहोत, कारण नदीच्या चर्चेत त्यांचे नाव क्वचितच निघते. दरवर्षी पुण्याच्या मुळा-मुठेवर, कोल्हापूरच्या पंचगंगेवर जलपर्णी पसरते, डास वाढतात, ओरड होते, यंत्रे उतरतात. पात्र इतके हिरवे दिसत असताना प्रदूषणाने वनस्पती मरतात असे कसे म्हणायचे, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर पृष्ठभागाखाली सापडते. वॅलिस्नेरियासारख्या बुडून वाढणाऱ्या वनस्पती मुळांनी तळाचा गाळ धरून ठेवतात, पाण्यात प्राणवायू सोडतात, माशांच्या पिलांना आडोसा देतात. त्यांना उजेड लागतो. सांडपाण्यातून आणि शेतांतून आलेले नत्र व स्फुरद वाढले की सूक्ष्म शैवाल फोफावते, वर जलपर्णीचे छप्पर पडते आणि खाली अंधार होतो. हायड्रिलासारख्या चिवट जाती काही काळ तगतात, नाजूक जाती आधी जातात. मग गाळ सुटा होतो, त्यातले स्फुरद पुन्हा पाण्यात उतरते आणि शैवालाला आणखी खाद्य मिळते. उथळ तळ्यांत हे चक्र एकदा बसले की सांडपाणी थोडेसे कमी करून ते मोडत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी पुढे उजनी धरणाच्या साठ्यात जाऊन थांबते, हे विसरून चालणार नाही.

अंधारात भर घालतात ती रसायने. उसा-मक्यातले तण मारणारे ॲट्राझिन प्रकाशसंश्लेषणाची साखळीच तोडते. ओढ्यात पोचल्यावर तण कोणते आणि पाणवनस्पती कोणती, हा भेद ते करत नाही. युरोपीय संघाने २००४ मध्येच त्याला मंजुरी नाकारली. प्लास्टिकचा मारा अधिक संथ आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या इवल्या लेम्नावर सौंदर्यप्रसाधनांतल्या पॉलिइथिलिनच्या कणांचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाने नीट वाढली, मुळे मात्र खुंटली. प्रयोगशाळेतले प्रमाण नदीपेक्षा जास्त असते, हा आक्षेप मान्य करायला हवा, आणि एवढ्यावरून सूक्ष्म प्लास्टिकने नद्या उजाड झाल्या असे म्हणणे अतिशयोक्तीच ठरेल. पण हे कण तळाच्या गाळात वर्षानुवर्षे साचत जातात, आणि बुडालेल्या बहुतेक वनस्पतींची मुळे त्याच गाळात असतात. शिवाय नदीत प्लास्टिक एकटे नसते. अंधार, तणनाशक आणि कण तिन्ही एकाच रोपाच्या वाट्याला येतात.

वनस्पतीच पाणी शुद्ध करतात, मग जलपर्णी राहू द्यावी, असेही सुचवले जाते. ती जड धातू आणि नत्र शोषून घेते, हे खरे. मात्र वेळेवर काढून तिची नीट विल्हेवाट लावली नाही, तर कुजताना ती बरेचसे परत पाण्यात सोडते आणि उरलासुरला प्राणवायूही संपवते. काढून काठावर ढीग रचणे म्हणजे पहिल्या पावसात तेच नदीला परत देणे.

म्हणून आमचा आग्रह मोजमापापासून सुरू होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नदीच्या पाण्याचे वर्गीकरण मुख्यतः सामू, विरघळलेला प्राणवायू, बीओडी (जैविक प्राणवायू मागणी) आणि कोलिफॉर्म जिवाणूंवर चालते. पाणवनस्पतींना त्यात जागा नाही. युरोपात २००० च्या पाणी-निर्देशापासून नद्यांची प्रकृती ठरवताना त्या मोजल्या जातात. आपल्याकडे वनस्पतिशास्त्र शिकवणारी महाविद्यालये नदीकाठच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. तळाशी कोणत्या जाती उरल्या याची वार्षिक नोंद त्यांच्याकडे सोपवावी, आणि जलपर्णी काढण्याची प्रत्येक निविदा त्या नोंदीला बांधावी.