घरचं सोयाबीन, सरकीची ढेप आणि परसातल्या कोंबड्या: वऱ्हाडात खाद्याचं गणित कुठं चुकतं?

अंजनगाव सुर्जी म्हटलं की इतिहासवाल्यांना १८०३ चा शिंदे-इंग्रज तह आठवतो आणि शेतीवाल्यांना पानपिंपरी. तालुक्याचं रोजचं अर्थकारण मात्र कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्यावर चालतं. आणि यातल्या कितीतरी घरांच्या मागच्या अंगणात दहा-वीस कोंबड्या असतात. दोन-चार गावरान, कुठल्याशा योजनेतून आलेल्या गिरीराज किंवा वनराज, एखादा कडकनाथ, खुडूक कोंबडीनं काढलेली पिल्लं, आणि हौस म्हणून बदकांची जोडी.

हा किरकोळ धंदा समजू नका. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाखांच्या घरात निघाल्या, म्हणजे आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्के जास्त. प्रश्न एवढाच, की या सगळ्या गोतावळ्याला एकाच टोपल्यात काय घालायचं?

पूर्वी उत्तर सोपं होतं. घरची ज्वारी फेकायची, बाकी कोंबडी उकिरड्यावर स्वतःचं बघून घ्यायची. पण वऱ्हाडात ज्वारीचं रान सोयाबीननं घेतलं आणि दाणा विकत आणायची वेळ आली. त्यातच मक्याचं गणित बदललं. देशातला निम्म्याहून जास्त मका पशुखाद्यात, मुख्यतः कोंबडीखाद्यात जायचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. त्या वर्षी इथेनॉलसाठी सगळ्यात मोठा कच्चा माल मकाच ठरला. मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणू लागला.

सोयाबीनचं उलटं झालं. २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं. तेव्हा पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून सरकारनं ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली, आणि ऐन हंगामाच्या तोंडावर भाव पडल्यामुळं शेतकरी चिडले. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना शेतकऱ्यांना त्याखालीच माल विकावा लागला. त्यामागं एक कारण इथेनॉलचंही आहे. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा (डीडीजीएस) खाद्य कारखान्यांना स्वस्तात मिळायला लागला आणि सोयापेंडीची मागणी घटली.

म्हणजे बाहेरचं पोतं महाग आणि घरातलं सोयाबीन मातीमोल. अशा वेळी ‘घरचंच सोयाबीन भरडून घालू’ हा विचार कुणाच्याही मनात येईल. नेमकी इथंच पहिली चूक होते.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचा घटक असतो. तो प्रथिनं पचवणाऱ्या रसाचं काम अडवतो. कोंबडी पोटभर खाते, पण अंगी लागत नाही. पिल्लं खुरटतात, स्वादुपिंड सुजतं, अंडी कमी होतात. बाजारातल्या सोयापेंडीला तेल काढताना भरपूर उष्णता मिळालेली असते, म्हणून ती चालते. घरचं सोयाबीन वापरायचं तर दाणा आतपर्यंत भाजला गेला पाहिजे, कच्चट वास आणि चव पूर्ण गेली पाहिजे. करपवलं तर मात्र त्यातली प्रथिनंच वाया जातात. चार किलो सोयाबीन नीट भाजायला लागणारं सरपण आणि वेळ मोजला, तर सोयाबीन विकून पेंड आणणं बहुतेकांना परवडेल.

दुसरी चूक खास कापसाच्या मुलखातली. गाईम्हशींसाठी आणलेली सरकीची ढेप घरात असतेच, तीच थोडी कोंबड्यांपुढे जाते. मोठ्या जनावराचं चार कप्प्यांचं पोट सरकीतलं गॉसिपॉल बऱ्यापैकी निकामी करतं. कोंबडीला ते जमत नाही. गॉसिपॉल अंड्याच्या बलकातल्या लोहाशी जुळतं आणि ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. सरकीतल्या दुसऱ्या एका घटकामुळं पांढरा भाग गुलाबी होतो. गिऱ्हाईक अंडं सडकं समजून परत आणतं आणि विकणाऱ्याला कारण कळत नाही. अंडी विकायची असतील तर ढेप गोठ्यातच राहू द्यावी.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कणसात दाणे भरताना पाऊस झाला की ज्वारी काळी पडते. ती माणसं खात नाहीत, स्वस्तात ‘कोंबड्यांसाठी’ विकली जाते. मक्याचंही तेच. ओलसर मक्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते थेट यकृतावर घाव घालतं. जगाला हे विष कळलं तेच पक्ष्यांमुळं: १९६० मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड खाऊन एक लाखाहून जास्त टर्की मेल्या. कोंबडीपेक्षा टर्की नाजूक, आणि बदकाचं पिल्लू त्याहून नाजूक. दाणा धुऊन, उन्हात घालून किंवा भाजून हे विष जात नाही. म्हणून मका घेताना दाताखाली कडक वाजतो का, कुबट वास येतो का, हे बघायचं. चांगली पांढरी ज्वारी मिळाली तर ती मक्याची जागा बऱ्यापैकी घेते. बलक थोडा फिका होतो, तेवढा हिरवा पाला घालून भरून काढता येतो.

आता मूळ प्रश्न. सगळ्यांना एकच खाद्य चालेल का? अंडी देणाऱ्या कोंबडीचं, म्हणजे लेयरचं पोतं आणून सगळ्यांपुढे ओतणं सोपं वाटतं. पण एका अंड्याच्या कवचात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून लेयर खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के घातलेलं असतं. पिल्लाला एक टक्का पुरतं. चौपट कॅल्शियम रोज पोटात गेलं की त्याची मूत्रपिंडं बिघडतात. कोंबड्यालाही एवढ्या कॅल्शियमची गरज नाही, तो कुठं अंडी देतो?

यावर पोल्ट्री शास्त्राचं उत्तर साधं आहे. सगळ्यांना १६ ते १७ टक्के प्रथिनांचं ग्रोअर खाद्य द्यायचं आणि कॅल्शियम वेगळ्या भांड्यात ठेवायचं. शिंपल्यांचा चुरा, चुनखडीची बारीक कच किंवा धुऊन, भाजून कुटलेली अंड्याची टरफलं. (पानाला किंवा भिंतीला लावायचा चुना नाही, तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो.) कवच रात्री तयार होतं, म्हणून अंड्यावरची कोंबडी दुपारनंतर स्वतःच त्या भांड्याकडे जाते. बाकीचे पक्षी गरजेपुरतीच चोच मारतात. पिल्लांना मात्र पहिले सहा-आठ आठवडे २० टक्के प्रथिनांचं स्टार्टर लागतं. त्यासाठी क्रेट पालथा घालून त्याला पिल्लूच आत शिरेल एवढी फट ठेवली की मोठ्या कोंबड्या ते फस्त करत नाहीत.

घरी १०० किलो ग्रोअर मिश्रण करायचं तर ६० किलो मका किंवा ज्वारीची भरड, २२ किलो सोयापेंड, १५ किलो गव्हाचा कोंडा आणि उरलेल्या ३ किलोंत पोल्ट्रीचं मिनरल मिक्श्चर व पाव किलो मीठ. प्रथिनं साधारण १७ टक्क्यांपर्यंत जातात. व्हिटॅमिनची पूड पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. एकदम १०० किलो मात्र करू नये. भरडलेला दाणा पावसाळ्यात लवकर खवट होतो, पंधरा दिवस पुरेल एवढंच करावं. दिवसभर मोकळी फिरणारी गावरान कोंबडी निम्मं अन्न बाहेरच शोधते, तिला संध्याकाळी ४०-५० ग्रॅम पुरतात. बंदिस्त ठेवली तर शंभराच्या वर लागतात.

बदकांच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात. शेंगदाणा पेंडीत नायसिन भरपूर असतं, पण बुरशीचा धोकाही तिथंच सगळ्यात जास्त. त्यामुळं यीस्टची पूड बरी.

पोतं विकत घेणाऱ्यांनी किमतीआधी लेबल वाचावं. ब्रॉयलर आणि पिल्लांच्या खाद्यात अनेकदा रक्ती हगवण रोखणारं औषध मिसळलेलं असतं. त्यातलं सॅलिनोमायसिन टर्कीला विषारी ठरतं, तर निकार्बाझिननं तपकिरी अंड्यांचा रंग उडतो आणि अंडी उबत नाहीत. वाढीसाठी पशुखाद्यात घातलं जाणारं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर सरकारनं जुलै २०१९ मध्येच बंद केलं आहे. पोत्यावर प्रथिनं, कॅल्शियम, औषधाचं नाव आणि बनवल्याची तारीख, या चारपैकी एकही गोष्ट छापलेली नसेल तर ते पोतं दुकानातच ठेवावं.